एकास बहात्तर : एका बॉम्बफेकी विमानाची प्रतिकृती घडविताना

वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना वहीच्या पुठ्ठ्यांची विमाने आठवत असतील. वार्षिक परीक्षा संपली की जुन्या वह्यांची कव्हरे सुटी व्हायची, भाताच्या शितांनी ती चिकटवली जायची आणि रात्रीची घंटा होईपर्यंत खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उड्डाणे चालायची. ते विमान कोणत्या जातीचे, कोणत्या देशाचे, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. पुढे नोकरीच्या काळात मला प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जोडण्याचा छंद लागला, तेव्हा मात्र हा प्रश्न टाळता येईना. कारण खेळणे कशाचेही असू शकते. प्रतिकृती ही प्रत्यक्षात होऊन गेलेल्या एखाद्या वस्तूचीच असते.

प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धातील ‘बी-२४ लिबरेटर’ या चार इंजिनांच्या जड बॉम्बफेकी विमानाची प्रतिकृती कशी जोडतात, ते क्रमाने सांगण्याचा प्रयत्न आहे. हेच विमान निवडण्यामागे पुण्याशी निगडित असे एक कारण आहे. ते ओघात येईलच. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील ज्या आवारात दररोज म्हटले जाते, तिथल्या मुलांच्या हाती बॉम्बफेकी विमानाची प्रतिकृती का द्यावी, असे काही पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला हे काम करता करताच सापडले, म्हणून ते कामाच्या ओघातच सांगतो.

प्रमाण म्हणजे काय?

प्रतिकृतीच्या खोक्यावर ‘१:७२’ असा आकडा छापलेला असतो. मूळ वस्तूची प्रत्येक लांबी बहात्तर पटींनी लहान केली आहे, असा त्याचा अर्थ. हा आकडा विचित्र वाटला तरी त्यामागचा हिशेब सोपा आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच; म्हणून या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. लिबरेटरच्या पंखांचा विस्तार ११० फूट, म्हणजे सुमारे साडेतेहेतीस मीटर होता. प्रतिकृतीत तो साडेसेहेचाळीस सेंटिमीटरांच्या आसपास येतो. लांबी येते सुमारे साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. म्हणजे पूर्ण झालेले विमान वसतिगृहातल्या अभ्यासाच्या मेजाची जवळजवळ अर्धी रुंदी व्यापते.

गणिताच्या शिक्षकांना आवडेल असा आणखी एक हिशेब येथे मांडता येतो. लांबी बहात्तर पटींनी कमी झाली की पृष्ठफळ ५,१८४ पटींनी आणि घनफळ ३,७३,२४८ पटींनी कमी होते. पूर्ण भरलेले लिबरेटर सुमारे साडेएकोणतीस हजार किलो वजनाचे असे. त्याच प्रमाणात प्रतिकृतीचे वजन काढले तर ते अवघे ८० ग्रॅमच्या आसपास भरते. घनाचा हा नियम फळ्यावर कितीही वेळा लिहिला तरी जे उमगत नाही, ते हातात विमान घेतल्यावर क्षणात उमगते.

या प्रमाणाचा शाळांशी एक जुना संबंध आहे. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने देशभरातील शाळकरी मुलांना पन्नास जातींच्या विमानांच्या मिळून पाच लाख लाकडी प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले होते. त्या १:७२ याच प्रमाणात करायच्या होत्या. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे आकृतीवरून ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना त्यांवरून दिले जाई. अशी प्रतिकृती पस्तीस फुटांवरून पाहिली की खरे विमान अर्ध्या मैलावरून दिसावे तशी दिसते. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात कानशी चालवणाऱ्या त्या मुलांचे हातही अशा रीतीने युद्धाला लागले होते.

जे विमान स्वतःच एक संच होते

प्रतिकृतीचे खोके उघडले की प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटींना चिकटलेले शंभराहून अधिक लहानमोठे भाग समोर येतात. या चौकटीला ‘स्प्रू’ म्हणतात. पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरिन दाबाने सोडले की ते ज्या वाटांनी प्रत्येक भागापर्यंत पोहोचते, त्या वाटाच थंड झाल्यावर चौकटीच्या रूपाने उरतात.

हे पाहताना खऱ्या लिबरेटरची हकिकत आठवते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात विलो रन येथे फोर्ड कंपनीने या विमानासाठी प्रचंड कारखाना उभारला. मोटारगाड्यांप्रमाणे विमानेही ओळीने पुढे सरकत जोडली जावीत, अशी त्याची योजना होती. सुरुवातीला अडचणी खूप आल्या. पण १९४४ मध्ये तिथून तासाला जवळजवळ एक विमान बाहेर पडू लागले. हजारो स्त्रिया तिथे रिव्हेट ठोकण्याचे काम करीत. याखेरीज सुमारे १,९०० विमानांचे भाग न जोडता संचाच्या रूपात मालमोटारींवर लादून टल्सा आणि फोर्ट वर्थ येथील कारखान्यांकडे पाठवले गेले आणि तिथे त्यांची जोडणी झाली. सर्व कारखाने मिळून अठरा हजारांहून अधिक लिबरेटर तयार झाली. अमेरिकेच्या अन्य कोणत्याही लष्करी विमानाची संख्या त्याहून मोठी नाही.

कामाची तयारी

लागणारे साहित्य फारसे महाग नाही. भाग कापण्यासाठी लहान कटर, धारदार पाते, चिमटा, दोन-तीन बारीक कानशी, ४०० पासून २,००० पर्यंतच्या क्रमांकांचे पाण्याचे पॉलिशपेपर, कपडे वाळत घालायचे चिमटे, रबरबँड आणि मास्किंग टेप एवढे हवे. जोडण्यासाठी पॉलिस्टायरिनचे पातळ सिमेंट वापरतात. ते गोंदासारखे दोन भागांच्या मध्ये बसत नाही. दोन्ही कडा किंचित विरघळवून त्यांना एकमेकींत मिसळवते आणि स्वतः उडून जाते. म्हणून सांधा वाळला की तो मूळ प्लॅस्टिकइतकाच मजबूत होतो. याच कारणाने ते थेंबाथेंबाने, ब्रशाच्या टोकाने लावावे. बोटाला लागलेले सिमेंट विमानाला लागले की बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

पाते आणि रसायने हाताळायची असल्याने लहान मुलांजवळ मोठ्या माणसाने बसणे आवश्यक आहे. खिडक्या उघड्या असाव्यात आणि रंग फवारताना तोंडावर मास्क असावा.

पहिला दिवस काहीही न जोडता जावा. सर्व चौकटी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवाव्यात, म्हणजे साच्यातला तेलकट अंश निघून जातो आणि रंग नीट धरतो. सूचनापत्रक आरंभापासून अखेरपर्यंत वाचावे. भाग चौकटीतून लागतील तेव्हाच कापावेत. आधीच सुटे केले तर डावा-उजवा ओळखता येत नाही. कापताना भागाला अगदी लागून कापू नये. थोडे अंतर ठेवून कापावे आणि उरलेले टोक कानशीने उतरवावे.

आतून बाहेर

जोडणीचा क्रम आतून बाहेर असा असतो. प्रथम वैमानिकांची केबिन, पुढच्या काचेच्या नाकातील बॉम्बफेक्याची जागा, मधला बॉम्बकप्पा आणि शेपटीकडचा भाग यांचे अंतरंग रंगवून घ्यावे लागते. धड बंद झाले की यातले फारच थोडे दिसते. तरीही हा भाग मनापासून करावा, असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. कारण त्या विमानात माणसे कुठे आणि कशी बसत होती, हे फक्त याच टप्प्यावर कळते.

बॉम्बकप्प्याच्या मधोमध पुढून मागे जाणारी एक अरुंद पट्टी असते. खऱ्या विमानात ती सुमारे नऊ इंच रुंद होती; प्रतिकृतीत ती जेमतेम तीन मिलीमीटरची आहे. विमानाच्या पुढच्या भागातून मागच्या भागात जायचे तर दहा जणांच्या तुकडीतील कोणालाही याच पट्टीवरून, दोन्ही बाजूंच्या बॉम्बांच्या मधून, अंग चोरून जावे लागे. दोन बोटांच्या चिमट्यात ती पट्टी धरून रंगवताना त्या वाटेची जाणीव होते.

नाकातले वजन

आता या विमानाच्या प्रतिकृतीतली सर्वांत प्रसिद्ध चूक सांगतो. ती मीही केली आहे. त्या काळातील बरीच विमाने जमिनीवर शेपूट टेकवून उभी राहत. लिबरेटरला मात्र नाकाखाली एक चाक आणि पंखांखाली दोन चाके होती. प्रतिकृतीत धडाचा मागचा भाग लांब आणि त्यावर दोन उभे शेपटपंख. त्यामुळे तोल मागे जातो. माझे पहिले लिबरेटर दीड महिन्याच्या कष्टानंतर चाकांवर उभे केले, तेव्हा ते सावकाश मागे झुकले आणि शेपटीवर बसले. धड तर केव्हाच चिकटवलेले होते. शेवटी शेपटीखाली काडेपेटीची काडी लावून त्याला उभे करावे लागले.

यासाठी धड बंद करण्यापूर्वीच नाकाजवळच्या पोकळीत, केबिनच्या जमिनीखाली आणि तिच्या मागे वजन भरावे. सायकलच्या दुकानात मिळणारे छर्रे किंवा गळाला लावायचे शिशाचे मणी यासाठी उत्तम. किती वजन लागेल हे सूचनापत्रकात असते. तरी सर्व भाग टेपने तात्पुरते जोडून, मुख्य चाकांच्या जागी पेन्सिल आडवी धरून तोल पाहावा आणि मग थोडे अधिकच भरावे. तरफेचा नियम येथे कामी येतो : वजन टेकूपासून जितके दूर, तितके कमी पुरते. म्हणून शक्य तितके पुढे भरावे. शिसे हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

पंख, इंजिने आणि सांधे

लिबरेटरचे पंख लांब, अरुंद आणि धडाच्या वरच्या बाजूस बसवलेले होते. त्यांच्या विशिष्ट रचनेमुळे कमी इंधनात दूरवर जाणे शक्य होई. प्रतिकृतीत हेच लांब पंख खाली झुकण्याचा धोका असतो. सिमेंट वाळेपर्यंत दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीची पुस्तके ठेवावीत आणि समोरून, मागून, वरून पाहून दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, याची खात्री करावी. यात घाई केली तर उरलेले सर्व काम कितीही सुबक झाले तरी विमान वाकडेच दिसते.

चारही इंजिनांत चौदा-चौदा सिलिंडर दोन वर्तुळांत मांडलेले असतात. इंजिनांवरची आवरणे गोल नसून आडवी लंबगोल असतात, कारण दोन्ही बाजूंना तेल आणि हवा थंड करणाऱ्या यंत्रणेच्या वाटा आहेत. लिबरेटर दुरून ओळखण्याची ही एक खूण होय.

सर्व मोठे भाग जोडले की सांध्यांचे काम सुरू होते. रंगारी भिंतीच्या भेगांत लांबी भरतात, त्याचप्रमाणे येथेही सांध्यात बारीक लांबी भरून, ती पूर्ण वाळल्यावर ओल्या पॉलिशपेपरने घासतात. बोटांना सांधा जाणवेनासा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. करड्या प्रायमरचा पातळ हात दिला की राहून गेलेली प्रत्येक रेघ उघडी पडते. मग पुन्हा लांबी, पुन्हा घासणे. तीन-चार वेळा हे करावे लागते. नवशिका येथेच कंटाळतो आणि ज्याला धीर धरता येतो तो येथेच घडतो.

काचेचे भाग मात्र सिमेंटने किंवा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावू नयेत; त्यांच्या वाफेने काच धुरकटते. त्यासाठी आपला नेहमीचा पांढरा फेव्हिकॉल चांगला. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकले तर पाण्याने पुसता येतो.

दरवाजे उघडे की बंद?

बॉम्बकप्पा बसवताना सूचनापत्रक एक निवड करायला सांगते : दरवाजे उघडे ठेवायचे की बंद? खऱ्या लिबरेटरचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे धडाच्या बाजूंनी वर सरकत. बंद ठेवले तर काम सोपे होते, विमानाची रेषाही सुंदर दिसते. उघडे ठेवले तर आत सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचे पाचशे पौंडी बॉम्ब टांगावे लागतात.

माझी पहिली दोन विमाने बंद दरवाजांची होती. तिसऱ्या वेळी सहज एक हिशेब केला. ही विमाने वीस हजार फुटांच्या आसपास उंचीवरून बॉम्ब टाकीत. १:७२ प्रमाणात ती उंची सुमारे ८५ मीटर होते, म्हणजे अठ्ठावीस मजल्यांच्या इमारतीची गच्ची. त्या गच्चीवरून खाली रस्त्यावर उभा असलेला एक इंचाचा माणूस पाहायचा. तो दिसत नाही. बॉम्बफेक्याच्या दुर्बिणीला गोदी, पूल, कारखाना, वस्ती दिसे. माणूस दिसत नसे. जे त्या उंचीवरून दिसू शकत नव्हते, ते मेजावर, एकाच प्रमाणात, शेजारी शेजारी ठेवता येते. प्रतिकृतीचा मला गवसलेला सर्वांत मोठा उपयोग हाच होय.

या विमानाचा इतिहास एका रंगाचा नाही. १९४३ मध्ये दीर्घ पल्ल्याच्या लिबरेटरांनी अटलांटिक महासागराच्या मधल्या, तोवर कोणतेही विमान न पोहोचणाऱ्या टापूवर पहारा ठेवला आणि पाणबुड्यांच्या तडाख्यातून अनेक जहाजे वाचली. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी रुमानियातील प्लोएश्टीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर गेलेल्या १७७ लिबरेटरांपैकी पन्नासहून अधिक परत आली नाहीत. आपल्या बाजूला, बंगालमधील सालबनी आणि दिग्री येथील तळांवरून ब्रिटिश लिबरेटर ब्रह्मदेश आणि सयामपर्यंत जात. सयाम-ब्रह्मदेश रेल्वे हे त्यांचे एक लक्ष्य होते. ती रेल्वे जपान्यांनी युद्धकैद्यांकडून आणि मलायातून नेलेल्या तामीळ मजुरांसह अनेक आशियाई मजुरांकडून बांधून घेतली होती. हजारो त्या कामावर मेले. १९४४ च्या नोव्हेंबरात तामारकान येथील पुलाजवळच्या छावणीवर मित्रराष्ट्रांच्याच विमानांचे बॉम्ब पडले आणि सुटकेची वाट पाहणारे कैदी त्यात मृत्युमुखी पडले. ‘लिबरेटर’ म्हणजे मुक्तिदाता. नाव आणि कृती यांतले अंतर यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही.

तेव्हापासून मी दरवाजे उघडे ठेवतो आणि विमानाच्या तळफळीवर, पंखाच्या सावलीबाहेर, एक इंच उंचीची एक साधी मानवाकृती उभी करतो.

कानपूरचे भंगार आणि पुण्याचे आकाश

अखेरचा टप्पा रंगाचा. संचासोबत बहुधा अमेरिकी किंवा ब्रिटिश चिन्हे येतात. माझी विनंती अशी की, आपल्याकडील मुलांनी हे विमान भारतीय वायुदलाच्या रूपात रंगवावे.

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपली अनेक लिबरेटर कानपूरजवळच्या चकेरी येथे आणून ठेवली. अमेरिकेशी झालेल्या उसनवारीच्या करारामुळे ती दुसऱ्या कोणाला देता येत नव्हती, म्हणून ती पुन्हा उडू नयेत अशा रीतीने मोडून टाकली गेली. स्वातंत्र्यानंतर बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यातील तंत्रज्ञांनी या भंगारातून निवडून, एका विमानाचा भाग दुसऱ्याला लावून, एकेक विमान बंगलोरपर्यंत एक उड्डाण करू शकेल इतपत उभे केले. जमशेद मुन्शी या कसबी वैमानिकाने ती जोखमीची उड्डाणे केली. बंगलोरला त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये भारताची पहिली जड बॉम्बफेकी तुकडी, पाचवी स्क्वाड्रन, उभी राहिली. १९५१ मध्ये पुण्यात सहावी स्क्वाड्रन लिबरेटरांनिशी नव्याने उभारली गेली. समुद्रावर टेहळणी करणे हे तिचे काम. १९६८ पर्यंत ही विमाने सेवेत होती. जगात अन्यत्र त्यांचे केव्हाच भंगार झाल्यामुळे, निवृत्तीनंतर भारताकडूनच ती संग्रहालयांना गेली. इंग्लंड, कॅनडा आणि अमेरिकेतील संग्रहालयांत आज दिसणारी काही लिबरेटर भारतातून गेलेली आहेत. एक दिल्लीत पालमच्या वायुदल संग्रहालयात आहे.

भारतीय लिबरेटरसाठी चकचकीत ॲल्युमिनियमचा रंग लागतो. हा रंग पृष्ठभागावरचा बारीकसा ओरखडाही लपवत नाही, म्हणून त्याआधी दोन हजार क्रमांकाच्या कागदाने घासून घ्यावे. रंग पूर्ण वाळल्यावर केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या रंगांची वर्तुळे पाण्यात भिजवून पंखांवर आणि धडावर सरकवावीत आणि मऊ कापडाने खालचे पाणी टिपून घ्यावे. सर्वांत शेवटी पंखे आणि चाके बसवावीत. उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून जरा वर धरून मऊ झाला की हलकेच ताणावा. केसासारखी तार निघते. तीच रेडिओची तार म्हणून लावावी.

शेवटी एक चिठ्ठी

प्रतिकृती पूर्ण झाली की तिच्या तळफळीवर एक चिठ्ठी चिकटवावी. विमानाचे नाव, प्रमाण आणि जोडणाऱ्याचे नाव त्यावर असतेच. माझ्या चिठ्ठीवर आणखी तीन ओळी असतात : हे कोणी बांधले, यात कोण बसले आणि याच्या खाली कोण होते. तिन्ही ओळी भरायच्या तर मुलाला ग्रंथालयात जावे लागते, नकाशा उघडावा लागतो आणि मोठ्या माणसांना प्रश्न विचारावे लागतात. वर्ग संपल्यावरही जो अभ्यास चालू राहतो, तो हाच.

आरंभी उल्लेखिलेल्या पालकांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. शस्त्रे मुलांच्या दृष्टीआड ठेवल्याने ती जगातून नाहीशी होत नाहीत; चित्रपटांत आणि मोबाइलवरच्या खेळांत ती मुलांना रोज भेटतात, आणि तिथे खाली कोण होते, हे कोणी सांगत नाही. दोन महिने संथपणे, चुका दुरुस्त करीत, एकेक भाग हाताने जोडणाऱ्या मुलाला ते सांगता येते. मोडलेली विमाने जुळवून समुद्राच्या पहाऱ्याला लावणारे कारागीरही आपल्याच देशात होऊन गेले, हेही त्याला सांगता येते.

शाळेच्या हस्तकला वर्गासाठी एक संच आणि साहित्याची पेटी देण्याची इच्छा काही माजी विद्यार्थ्यांनी व्यक्त केली, तर त्या वर्गाला येऊन बसण्यात मला आनंद वाटेल. येताना छर्रे मात्र मी आठवणीने आणीन.